किशोर कादंबरीतील कामगार मुलगी : बुलढाणा जिल्ह्यातील कापूस-श्रमाच्या संदर्भात

घरापासून तुटलेली मुलगी आणि कारखाना हा विषय इंग्रजी किशोर कादंबरीत चीनच्या पार्श्वभूमीवर हाताळला गेला आहे. प्रस्तुत लेखात अशा दोन कादंबऱ्यांच्या आधारे, बुलढाणा जिल्ह्यात कापसाच्या कामात राबणारी मुलगी मराठी किशोर साहित्यात अभावानेच का आढळते, याचा विचार केला आहे.

सॅली ग्रिंडली यांच्या ‘स्पिल्ड वॉटर’ (२००४) या कादंबरीतील लू सी-यान अकरा वर्षांची आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर काका तिला विकतो. त्या घरातून निसटल्यावर ती खेळण्यांच्या कारखान्यात कामाला लागते. मुलगी म्हणजे सांडलेले पाणी, या चिनी समजुतीवरून कादंबरीचे नाव आले आहे. आपल्याकडील ‘परक्याचे धन’ याहून फार वेगळे नाही. जेनी लियू यांच्या ‘गर्ल्स ऑन द लाइन’ (२०१८) मध्ये लूली आणि युन या अनाथालयात वाढलेल्या मैत्रिणी सोळाव्या वर्षी, म्हणजे चीनमध्ये कामाचे कायदेशीर वय होताच, कारखान्यात येतात. युन गरोदर राहते आणि तिची नोकरी जाते. दोहोंत ही कादंबरी अधिक समर्थ वाटते. तीत कारखाना केवळ छळाची जागा नाही. आयुष्यात प्रथमच हाती आलेला स्वतःचा पैसाही तेथेच आहे.

मराठीत अनाथ बालनायकाची वाट निराळी आहे. ना. धों. ताम्हनकर यांच्या गोट्याला एक प्रेमळ घर मिळते आणि कथा त्या घरात रमते. घर मिळाले की अनाथपण संपते, असा हा संस्कार आहे. तो सुंदर आहे, पण त्यात मजुरीला जागा उरत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात मात्र मजुरीचा इतिहास दीर्घ आहे. खामगावचा कापूस बाजार आणि जलंब-खामगाव लोहमार्ग यांचे उद्घाटन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. सरकी वेगळी होते, रुई दाबून गाठी बांधल्या जातात. कापूस पसरणे, निवडणे, यंत्राला घालणे ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे राहिली. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने कामाचे किमान वय सात ठरविले, पण शंभरांहून कमी कामगारांचे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. १९४८ च्या कायद्याने हे वय चौदा केले. त्याच्या कलम २७ ने, गाठी बांधण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे ओपनर यंत्र जेथे चालू असेल तेथे स्त्रिया व मुलांना मनाई केली. मात्र मध्ये भिंत असल्यास कापूस घालण्याच्या बाजूला त्यांना परवानगी होती. एका भिंतीने कायदा पाळला जाई, हे कोणत्याही कथाकाराला खुणावणारे दृश्य आहे.

कारखान्याच्याही आधी वेचणी येते. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटते आणि मजुरी किलोवर ठरते. आईबरोबर शेतात गेलेल्या मुलीने वेचलेला कापूस आईच्याच गाठोड्यात पडतो, आईच्याच नावे तोलला जातो. मजुरांच्या हिशेबात मुलगी उमटत नाही. शाळेच्या हजेरीपटावर तेवढी गैरहजेरी दिसते. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत मनाई केली, पण शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या शेतात मदत करण्याची मुभा ठेवली. दुसऱ्याच्या शेतावर आईला ‘हातभार’ लावणारी मुलगी या मुभेत बसत नाही. तरी गाठोडे एकच असल्याने ते सिद्ध कोण करणार?

चिनी नायिका कारखान्यात एकटी असल्यामुळे लेखकाला तिचे श्रम वेगळे काढून दाखविता येतात. तिच्या मजुरीवर दुसऱ्या कोणाचे नाव नसते. बुलढाण्याच्या मुलीला आई आहे, घर आहे, आणि म्हणूनच तिचे काम कोणाला काम वाटत नाही. गोट्याच्या परंपरेत घर हे कथेचे उत्तर होते. येथे प्रश्न घरातच आहे. आईला खलनायिका न करता तो मांडणे अवघड आहे, आणि मराठी किशोर कादंबरी येथेच अडली असावी. १९७१ पासून ‘किशोर’ मासिक शालेय वाचकांसाठी निघते. ते हाती घेणाऱ्या मुलींपैकी काही जणी हंगामात शेतात असतात. खामगाव, नांदुरा, मलकापूर येथील ज्या महाविद्यालयीन विद्यार्थिनींनी स्वतः कापूस वेचला आहे, त्यांच्या लेखनात तोललेल्या किलोंचा हा हिशेब प्रथम येण्याची शक्यता अधिक आहे.