जिप्सम टाकूनही जमीन क्षारपडच का राहते?

कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या काठच्या ऊसपट्ट्यात जमीन बिघडली की जिप्समची पोती टाकण्याचा सल्ला ठरलेला असतो. ती कशाने बिघडली, याची चौकशी मात्र क्वचितच होते. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार साठून वरंब्यांवर पांढरी मीठफुटी दिसते, तर चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसते. अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये मांडलेल्या वर्गवारीनुसार अशा विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून जास्त असले, की जमीन चोपण ठरते.

चोपण मातीचे ढेकूळ पावसाच्या पाण्यात टाकले, तर ते विस्कटते आणि पाणी कित्येक तास गढूळ राहते. शेतात हेच सुटे कण छिद्रे बुजवतात. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते व कण पुन्हा जुळतात, हे खरे. परंतु सुटलेले सोडियम पाण्यावाटे मुळांच्या थराबाहेर गेल्याशिवाय सुधारणा होत नाही, आणि भूजलच दोन-तीन फुटांवर आले असेल, तर ते जाणार कोठे? निव्वळ क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे तर मिठात आणखी एक मीठ मिसळणे, तेही पदरमोड करून.

हे ज्ञान नवे नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांची नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील पुस्तिका १९१० मध्ये निघाली. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी हेक्टरभर शेतात एकूण एक मीटर उंचीचे दिले, तर पाच टन क्षार येतात, एवढे गणित पाट सोडणाऱ्यानेही करून पाहावे.

काळी जमीन कितीही पाणी पचवते, असे म्हणतात. पण चिकणमातीमुळे तिचा निचरा मुळातच मंद असतो. ठिबकने भूजल चढण्याचा वेग घटतो, पण साठलेले क्षार ओलाव्याच्या कडेला सरकतात, नाहीसे होत नाहीत. सामू ८.५ च्या वर असताना चुना जवळजवळ विरघळत नसल्याने तो जिप्समला पर्याय नव्हे.

तीन-चार फूट खोल, गाळणीचे कापड गुंडाळलेल्या सच्छिद्र नळ्यांचा निचरा हाच मुख्य उपाय आहे; मात्र त्या आपल्या शेतात टाकल्या की काम झाले, हा समजही अपुरा आहे, कारण नळ्यांतील पाणी उताराने नाल्यापर्यंत जावे लागते, तो नाला बहुधा दुसऱ्यांची शेते ओलांडून असतो आणि गाळाने बुजलेलाही असतो, त्यामुळे सामाईक नळी कोणाच्या बांधावरून न्यायची, हे खुदाईआधीच ठरवावे लागते.