ओढ आणि ढील: काइटच्या बारची गोष्ट

काइटबोर्डिंग पाहणाऱ्याची नजर आधी आकाशातल्या पतंगाकडे जाते, मग पाण्यावरून दोन-तीन पुरुष उंच उसळणाऱ्या माणसाकडे. त्याच्या हातातल्या दांड्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. जेमतेम अर्ध्या मीटरचा, रबरी आवरण घातलेला, मधोमध भोक असलेला आणि त्या भोकातून दोर ओवलेला हा दांडा म्हणजे बार. पतंगाचे आकार बदलले, कापड बदललं, बोर्ड बदलले. पण हा खेळ चारचौघांना झेपेल असा झाला तो बारमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

बारपासून पतंगापर्यंत साधारण 20 ते 25 मीटर लांबीच्या चार दोऱ्या जातात. मधल्या दोन पतंगाच्या पुढच्या कडेला बांधलेल्या असतात. खाली त्या एका दोरात मिळतात, तो दोर बारच्या भोकातून येतो आणि चिकन लूप नावाच्या कडीने कमरेच्या हार्नेसला अडकतो. पतंगाची बहुतेक ओढ याच दोऱ्यांवर असते, म्हणजे ती कमरेवर येते, हातांवर नाही. बाहेरच्या दोन दोऱ्या पतंगाच्या मागच्या कोपऱ्यांपासून बारच्या दोन टोकांना येतात. बार डावीकडे-उजवीकडे कलवला की पतंग वळतो. तो छातीकडे ओढला की मागच्या दोऱ्या ताणल्या जातात, पतंगाची मागची कड खेचली जाते, पतंग वाऱ्याला जास्त अंग देतो आणि ओढ वाढते. बार पुढे सोडला की मागची कड सैल पडते, वारा पतंगावरून निसटून जातो आणि ओढ उतरते.

संक्रांतीला कन्नी बांधताना आपण गाठ वर-खाली करतो तीही याच कोनासाठी. पण ती कन्नी एकदा बांधली की पतंग खाली उतरवल्याशिवाय बदलता येत नाही. बारवर ती दर क्षणाला बदलता येते.

याची गरज किती, हे वाऱ्याच्या हिशेबावरून कळतं. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 12 नॉटचा वारा 18 वर गेला तर वेग दीडपट झाला, पण ओढ सव्वादोन पट. 24 वर गेला तर चौपट. शिवाय पतंग स्वतः आकाशात झेप घेतो तेव्हा त्याला लागणारा वारा आणखी वाढतो. बारा चौरस मीटरचा पतंग कमरेला बांधून पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला हा फरक एका झोतात सोसावा लागतो.

पतंगाच्या ओढीचा माणसाने फार पूर्वीच विचार केला होता. ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी 1826 मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. त्यांचे पतंगही अनेक दोऱ्यांनी आवरले जात. हेच पोकॉक क्रिकेटमधल्या डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या आईचे वडील. पुढे फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी 1984 मध्ये हवा भरलेल्या कडेच्या पतंगाचं पेटंट घेतलं. तो पाण्यात पडला तरी बुडत नसे आणि तिथूनच पुन्हा उडवता येई. 1997 च्या सुमाराला त्यांचा ‘विपिका’ पतंग बाजारात आला आणि खेळ फोफावला. पण सुरुवातीच्या या कमानदार पतंगांची एक अडचण होती: बार पूर्ण सोडला तरी बरीच ओढ शिल्लक राहायची. जोराचा झोत आला की माणूस फरपटत जायचा, किनाऱ्यावरच्या दगडांवर, कुंपणांवर आदळायचा. त्या वर्षांत या खेळाने माणसं गमावली आहेत. 2005 च्या आसपास ब्रुनो यांच्याच रचनेतून ‘बो’ पतंग आले. त्यांची मागची कड आत वळलेली, पुढच्या कडेला दोऱ्यांचं जाळं. बार सोडला की जवळजवळ सगळी ओढ उतरू लागली. या खेळातला सर्वांत मोठा बदल मी यालाच मानतो. उंच उड्यांचे विक्रम त्याच्यापुढे दुय्यम आहेत.

आता ट्रिम. बारच्या वर, हात पोचेल अशा अंतरावर, दोर आवळण्या-सोडण्याचा एक खटका असतो. त्याने पुढच्या दोऱ्यांची लांबी बदलते. बार हा क्षणाक्षणाचा ताबा, तर ट्रिम ही त्या वेळच्या वाऱ्यासाठी ठरवलेली बैठक. ट्रिम बरोबर असेल तर कोपरं किंचित वाकलेली ठेवून, बार मधल्या टप्प्यात धरून आरामात चालता येतं. जवळ ओढायलाही जागा उरते आणि सोडायलाही. हात सारखे ताठ ठेवून बार दूर ढकलावा लागत असेल तर ओढ जास्त आहे, म्हणून पुढच्या दोऱ्या आवळायच्या. आवळूनही भागत नसेल तर पतंगच मोठा आहे. सरळ किनाऱ्यावर यावं आणि लहान घ्यावा. उलट, दोऱ्या फार आवळल्या तर मागच्या सैल पडतात आणि पतंग वळायला सुस्त होतो.

नवशिक्याला सगळ्यात जास्त चकवते ती उलट बाजू. ओढ कमी वाटते म्हणून तो बार पोटापर्यंत ओढून धरतो. पतंग वाऱ्याला इतकं अंग देतो की त्याच्या पाठीवरून हवा नीट वाहतच नाही. तो थरथरतो, मागे सरकतो आणि शेपटाच्या बाजूने खाली येऊ लागतो. घाबरलेला माणूस बार आणखी ओढतो. उपाय नेमका याच्या उलट: बार सोडायचा. पतंग पुन्हा हवा पकडतो आणि पुढे सरकतो. दांडा दिसला की तो घट्ट धरून लोंबकळावं ही शरीराची सवय मोडायला वेळ लागतो.

कधी चूक माणसाची नसते, दोऱ्यांची असते. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त, त्यामुळे त्या काही महिन्यांत मागच्यांपेक्षा लांबतात. मग ट्रिम पूर्ण मोकळा असतानाही पतंग मागे पडू लागतो. तपासायची रीत सोपी आहे. चारही दोऱ्यांची टोकं एका खांबाला अडकवायची, ट्रिम पूर्ण मोकळा करायचा, बार चिकन लूपपर्यंत ओढून मागे सरायचं आणि सारखा ताण द्यायचा. चारही दोऱ्या सारख्या ताणलेल्या दिसल्या तर ठीक. मधल्या झोळ खात असतील तर त्या लांबल्या आहेत; मागच्या दोऱ्यांच्या टोकाला असलेल्या गाठींपैकी पुढची गाठ वापरून फरक भरून काढता येतो. बोटभर फरकही पाण्यात जाणवतो. खटक्यात वाळू अडकते, मिठाने दोर ताठर होतो. म्हणून परतल्यावर बार गोड्या पाण्याने धुवायलाच हवा.

गोव्यात मोरजीला पावसाळ्याआधीच्या महिन्यांत दुपारी खारा वारा हळूहळू चढत जातो. सुरुवातीला मोकळा ठेवलेला ट्रिम तासाभरात आवळावा लागतो. रामेश्वरमला उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा मिळतो, उथळ सपाट पाणीही आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच होता. शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या. ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटस आणि ब्रिटनची एली ऑलड्रिज यांनी सुवर्ण मिळवलं. तिथल्या मंद वाऱ्यात ट्रिमच्या कसबाचा पुरेपूर कस लागला.

बारवर आणखी एक भाग असतो: क्विक रिलीज. तो ढकलला की पतंगाची ओढ संपते. त्याची सुरक्षा तपासणारं आयएसओचं मानक 2020 मध्ये आलं. शिकायला जाल तेव्हा बोर्ड पायात घालण्याची घाई करू नका. आधी किनाऱ्यावर उभं राहून बार सोडायला शिका, ट्रिम आवळून-मोकळा करून बघा आणि क्विक रिलीज डोळे मिटून, एका हाताने, दहादा उघडून बघा. ज्या शाळेला यासाठी वेळ नाही, तिथे पैसे भरू नका.