जिल्ह्याच्या शाळा आणि जिल्ह्याची थैली

एकत्र कुटुंबांत ओढगस्त आली म्हणजे घरचा कर्ता पुरुष कात्री कोठें लावतो, यावरून त्याच्या शहाणपणाची परीक्षा होते. सणावाराचें गोडधोड कमी होतें, नवें लुगडें पुढच्या दिवाळीवर जातें, काशीयात्रेचा बेत रहित होतो. परंतु लेंकरांच्या वाटीभर दुधाला तो शेवटपर्यंत हात लावीत नाहीं. सार्वजनिक संसाराची रीत मात्र उलटी दिसते. तेथें काटकसरीचा विषय निघाला कीं पहिली दृष्टि जाते ती वाडीवस्तीवरील दोन खोल्यांच्या शाळेकडे. तिच्या वतीनें भांडणारें कोणी नसतें, हेंच त्याचें कारण.

हा विचार हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वरच्या परिसरास अनुसरून मांडावयाचा आहे. औंढा नागनाथ हें ज्योतिर्लिंगाचें क्षेत्र बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्याच तालुक्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचें धरण आहे. वरच्या अंगास येलदरीचें, खालीं हें, आणि दोन्हीं मिळून पूर्णा प्रकल्प. पाणी कालव्यांनीं दूरवर वसमत, परभणी, नांदेडच्या शिवारांत जातें. उंचवट्यावरील बऱ्याच वाड्यांना मात्र आकाशाकडेच पाहावें लागतें. सोयाबीन, तूर, जेथें पाणी आहे तेथें हळद, हीं येथलीं पिकें. हिंगोली हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा निघालेला, पांच तालुक्यांचा लहानसा जिल्हा. धाकट्या भावानें वेगळी चूल मांडावी आणि वाटणींत त्याला भांडीं थोडीं, देणींच अधिक यावीं, तशांतला हा प्रकार.

जिल्हा परिषदेचा शाळाखात्याचा संसार कसा चालतो, हें सुशिक्षित घरांतहि फारसें कोणास माहीत नसतें. शिक्षकांचें वेतन राज्यसरकारच्या अनुदानांतून येतें, आणि शिक्षणावरील खर्चाचा मोठा भाग या वेतनांतच संपतो. परिषदेचें स्वतःचें म्हणावें असें उत्पन्न, ज्याला कचेरींत सेस म्हणतात, तें जमीनमहसुलावरील उपकर, मुद्रांकशुल्कांतील वांटा वगैरे किरकोळ बाबींचें. आतां मुद्रांकशुल्क तेथेंच वाढतें, जेथें जमिनींचे सौदे मोठाले होतात. पुण्याच्या आसपास एक एकर विकला गेला तर त्या जिल्ह्याच्या थैलींत जें पडतें, तें आमच्याकडे कित्येक शेतें विकलीं तरी पडावयाचें नाहीं. अर्थात् ज्या जिल्ह्याला गरज अधिक त्याची थैली रिकामी, आणि ज्याची थैली भरलेली तेथले पालक आपलीं मुलें परिषदेच्या शाळेंत घालीत नाहींत!

राहिली शाळेच्या नित्यखर्चाची गोष्ट. २०१८ पासून समग्र शिक्षा या नांवाची योजना आहे. तिचा खर्च केंद्र व आपलें राज्य ६० आणि ४० या प्रमाणांत उचलतात. तिच्या मापाप्रमाणें ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार आणि २५० पर्यंत ५० हजार रुपये संयुक्त अनुदान मिळतें. आपण अठ्ठावीस मुलांची शाळा घेऊं. दहा हजारांतील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेकडे लावावा असा नियम आहे. उरले नऊ हजार, म्हणजे महिन्यास साडेसातशें रुपये. एवढ्यांत खडू, हजेरीपटाचीं पुस्तकें, विजेचें देणें, पिण्याच्या पाण्याची टांकी, मोडलेलें दार, फुटलेलें कौल, सारें भागवावयाचें. ज्या गृहिणी हें वाचीत असतील त्यांनीं आपल्या घरच्या विजेच्या देयकाशीं हा आंकडा ताडून पाहावा. त्यांतहि पैसा जूनमध्यें हातीं पडला तर उपयोग. तो बहुधा वर्ष सरतां सरतां उतरतो, आणि मग ३१ मार्चच्या आंत कसाबसा खर्ची टाकण्याची घाई होते. पावसाळा गेल्यावर छत शाकारण्याचा पैसा येणें म्हणजे अजागलस्तनन्यायाचें चांगलेंच उदाहरण आहे.

मूळ दोष मापांतच आहे, असें माझें मत आहे. अनुदान पटावर ठरतें. परंतु पाऊस पट पाहून गळत नाहीं. अठ्ठावीस मुलांच्या शाळेला दोन खोल्या लागतात, एकशेंवीस मुलांच्या शाळेला फार तर पांच. पण एकीला दहा हजार आणि दुसरीला पन्नास हजार. मुलें कमी झालीं म्हणून भिंती कमी होत नाहींत. मग लहान शाळेची अवकळा होते, अवकळा पाहून पालक मुलें काढतात, मुलें निघालीं म्हणून अनुदान आणखी घटतें, आणि शेवटीं कोणी अधिकारी येऊन, ‘येथें शाळा चालविणें परवडत नाहीं,’ असा शेरा लिहून जातो. रोग्याचें अन्न तोडून मग त्याच्या अशक्तपणाची मीमांसा करावी, तसें हें.

एका वाडीवरची गोष्ट सांगतों. ज्येष्ठांतल्या वाऱ्यानें शाळेचे सहा पत्रे उडाले. दुरुस्तीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनीं त्याच आठवड्यांत वर धाडला. तो एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहिला, आणि दोन पावसाळे गेले. तेवढ्यांत लांकडी वासे कुजले, भिंतीला ओल चढली, पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली. पहिल्या महिन्यांत जें काम एका सुताराचें होतें, तें तिसऱ्या वर्षीं ठेकेदाराचें झालें. सूचीकटाहन्याय आमच्या पूर्वजांनीं सांगून ठेवला आहे: आधीं सुई, मग कढई. कचेऱ्यांत मात्र कढईकरितां सुई अडून राहते. मुख्याध्यापकाला आपल्या सहीनें थोडक्या रकमेची दुरुस्ती ताबडतोब करतां आली असती तर सरकारचाच पैसा वांचला असता. खरी काटकसर ती हीच. पण अंदाजपत्रकांत ती दिसत नाहीं, म्हणून तिला मान नाहीं.

‘पैसा नाहीं’ हें उत्तर आजचें नव्हे. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ च्या मार्चमध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. मागणी किती माफक! सक्ती एकदम सर्वत्र नको. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थांनीं सोसावा आणि दोन तृतीयांश सरकारनें. पुढच्या वर्षीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें, आणि खर्चाचा बाऊ हें त्यांतलें एक मोठें कारण होतें. गंमत अशी, कीं त्याच काळीं सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ मध्यें अमरेलींत प्रयोग करून १९०६ पासून साऱ्या बडोदें संस्थानांत सक्तीचें शिक्षण चालूं केलें होतें. १९१७ मध्यें शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांतहि तेंच केलें. साम्राज्याला जें परवडलें नाहीं तें दोन संस्थानांना परवडलें. त्याहि आधीं, १८८२ सालीं, हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं असा हिशेब मांडला होता कीं, करभार शेतकरी देतो आणि त्यांतून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाची सोय होते. आपल्यासारख्या घराण्यांस तें वाचतांना अवघडल्यासारखें होतें. पण हिशेब त्यांचा बरोबर होता.

आमचा मराठवाडा तर निजामच्या अमलाखालीं. घरची भाषा मराठी, आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९२१ मध्यें हिपरग्यास राष्ट्रीय शाळा निघाली, पुढें अंबाजोगाईस योगेश्वरीची शाळा स्वामी रामानंद तीर्थांच्या हातून नांवारूपास आली. परंतु अशीं स्थळें बोटांवर मोजण्यासारखीं. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच खेड्यापाड्यांतून शाळांची खरी वाढ सुरू झाली, आणि १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्यावर त्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. सिद्धेश्वरच्या आसपास आज ज्या घरांत पदवीधर सून किंवा परिचारिका झालेली लेक आहे, त्यांतल्या बहुतेकांची पहिली पाटी याच शाळांत फुटली.

आतां शिक्षकांकडे वळूं. २००० सालीं शिक्षणसेवक हें पद निघालें. तीन वर्षें महिना ३ हजार मानधनावर काम, मग वेतनश्रेणी. पुढें तें ६ हजार झालें, आणि २०२३ पासून प्राथमिक शाळेकरितां १६ हजार. २०१२ मध्यें नवी भरती थांबली आणि ती मनासारखी सुरू होण्यास वर्षानुवर्षें लागलीं. रिकाम्या जागा भरण्यासाठीं २०२३ मध्यें निवृत्त शिक्षकांस २० हजारांवर बोलावण्याचा आदेश निघाला. २०२४ मध्यें कमी पटाच्या शाळांसाठीं १५ हजारांच्या कंत्राटी नेमणुकीचा. निवृत्तांच्या अनुभवाचा लाभ घ्यावा यास माझ्यासारखा मनुष्य विरोध कसा करील? परंतु आजोबा नातवाला सांभाळतात म्हणून घरांत बापाची गरज नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. पहिली ते चौथीच्या चार इयत्ता दोन शिक्षकांनीं शिकवावयाच्या. त्यांतला एक सभेला, शिक्षणाला किंवा माहिती भरावयास गेला कीं उरलेला एकटा. चार इयत्ता एका खोलींत बसवून शिकविण्याची कला आहे, आणि ती येणारे शिक्षक मीं पाहिले आहेत. तिसरीचा मुलगा पहिलीच्या मुलीला अक्षर गिरवून दाखवितो, तेवढ्यांत गुरुजी चौथीचा भागाकार तपासतात. पण ही कला वर्षानुवर्षें एकाच गांवीं राहणाऱ्या माणसाला साधते. वर्षाच्या करारावर आलेल्याला नव्हे.

सर्वांत मोठा प्रश्न शाळा मिटवून टाकण्याचा. २०१७ मध्यें दहापेक्षां कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्यें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविण्यांत आले, आणि पानशेत व तोरणमाळ येथील उदाहरणें पुढें ठेवण्यांत आलीं. समूहशाळेच्या बाजूनें बोलण्यासारखें बरेंच आहे, हें मान्य केलें पाहिजे. चार मुलांच्या वर्गांत खेळाला गडी मिळत नाहीं, वादाला जोडीदार मिळत नाहीं. प्रयोगशाळा, वाचनालय, विषयवार शिक्षक हें मोठ्या शाळेंतच शक्य आहे. परंतु वाडी ते गांव हें अंतर नकाशावर मोजणें निराळें आणि श्रावणांत ओढा उतरून चालणें निराळें. २००९ च्या कायद्यानें पांचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आंत शाळा देऊं केली, ती उगाच नव्हे. वाहनाची सोय करूं, असें सांगितलें जातें; पण वाहनाचा पैसा थकला म्हणजे पहिल्यानें कोण घरीं राहतें? मुलगा सायकलीवर जातो. नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळीत ओट्यावर बसते. शाळा मिटविल्यानें सरकारी वहींत जी शिल्लक दिसते ती पैशांची खरी शिल्लक नव्हे. तो खर्च आईबापांच्या मजुरीवर आणि मुलीच्या नशिबावर ढकललेला असतो, इतकेंच.

त्यांत आमच्याकडे दसऱ्यानंतर कित्येक कुटुंबें ऊसतोडीला बाहेर जातात. वर्गांतला पट सप्टेंबरांत एक आणि पौषांत दुसरा. हंगामी वसतिगृहाची योजना यासाठींच आहे. आजीआजोबांकडे राहणाऱ्या मुलांना गांवांतच जेवण मिळावें आणि शाळा सुटूं नये, हा तिचा हेतु. ही योजना वेळेवर सुरू झाली तर मुलें राहतात, पंधरवडा उशीर झाला तर बैलगाडींत बसून निघून जातात. काटकसर करणाऱ्यांनीं या पंधरवड्याची किंमत कधीं काढली आहे काय?

लोकवर्गणीविषयीं दोन शब्द लिहितों. गांवानें शाळा रंगवून द्यावी, पाण्याची टांकी द्यावी, हें उत्तमच. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ पासून रयतेच्या बळावर केवढा डोलारा उभा केला, हें सर्वांस माहीत आहे. पण ती हौसेची वर्गणी हक्काच्या अनुदानाच्या जागीं बसूं लागली म्हणजे गरीब गांवावर दुहेरी कर बसतो. सप्टेंबर २०२३ मध्यें निघालेल्या दत्तक शाळा योजनेंत खेड्यांतील शाळेसाठीं पांच वर्षांकरितां ५० लाख किंवा दहा वर्षांकरितां १ कोटी मोलाची मदत देणाऱ्यास आपलें नांव शाळेला जोडतां येतें. दात्यांचा मी द्वेष करीत नाहीं. परंतु दाता हमरस्त्यावरची शाळा पसंत करतो. धरणामागच्या वाडीला दत्तक घेणारा कोठून यावा?

यावर कोणी विचारील, कीं परिषदेंत लोकांचे प्रतिनिधि असतात, ते काय करतात? २०२२ च्या मार्चमध्यें राज्यांतील २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर कांहीं वर्षें निवडणुका न होतां कारभार प्रशासकांनीं पाहिला. शिक्षणसमितीच्या बैठकींत उठून ‘आमच्या वाडीवरचा दुसरा मास्तर कोठें गेला?’ असें विचारणारा सभासदच त्या काळांत नव्हता. शाळा व्यवस्थापन समिती मात्र कायद्यानें प्रत्येक शाळेस आहे. तींत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीपुढें अनुदानाची रक्कम आणि खर्च वाचून दाखविला गेला, फळ्यावर लिहून ठेवला गेला, कीं पुष्कळ गोष्टी सुधारतात. फळ्यावरचा हिशेब निरक्षर आईहि नातेवाइकाकडून वाचून घेते.

आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांचीं मुलें या शाळांत नाहींत, हें मी जाणतों. माझींहि नातवंडें शहरांत इंग्रजी शाळेंत जातात. अर्ज लिहिणारीं, नियम वाचणारीं घरें ज्या दिवशीं या शाळांतून निघून गेलीं, त्या दिवसापासून त्यांचा हिशेब विचारणारें कोणी उरलें नाहीं. तथापि पुष्कळांची वडिलोपार्जित जमीन अद्याप गांवीं असेल, आणि तिचा महसूल दरसाल भरला जात असेल. ती पावती काढून पाहावी. महसुलाच्या रकमेखालीं जिल्हा परिषद उपकर या नांवाची एक निराळी ओळ असते. आंकडा लहान असतो. पुढच्या खेपेस गांवीं जाणें झालें म्हणजे ती पावती खिशांत घालून शाळेवर जावें, मुख्याध्यापकांकडे यंदांच्या अनुदानाची रक्कम विचारावी, आणि ती कोणत्या महिन्यांत आली हेंहि विचारावें.