इंजिनापासून दूर बसवावयाचा ऑइल फिल्टर : निवड कशी करावी

कोऱ्हाळे बुद्रुक व शेजारचीं गांवें नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यांत येतात. ऊंस हें येथील मुख्य पीक. पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढें डिझेल इंजिन आम्हां शेतकऱ्यांच्या घरचेंच झालें. नंतर विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. तरी ट्रॅक्टर, वीज नसतां चालणारा पंप व गुऱ्हाळाचा चरक यांस इंजिन लागतेंच. सबब इंजिनाच्या एका लहान पण महत्त्वाच्या भागाविषयीं येथें लिहीत आहों.

जुन्या ट्रॅक्टरचें इंजिन काढून लोखंडी सांगाड्यावर चढविलें, म्हणजे पुष्कळदां ऑइल फिल्टर सांगाड्याच्या पट्टीआड किंवा पुलीजवळ येतो. तेथें हात पोहोंचत नाहीं, आणि जें काढण्यास कठीण तें बदलण्याचें लांबणीवर पडतें. अशा वेळीं मूळ जागीं अडॅप्टर लावून, दोन होज पाईपांनीं तेल बाहेर नेऊन, फिल्टर सोयीच्या ठिकाणीं स्वतंत्र बैठकीवर बसवितात. ही योजना उपयुक्त आहे. परंतु जागा बदलली कीं निवडीचे नियमही बदलतात. इंजिनाचें नांव सांगून दुकानांतून आणलेला डबा नव्या बैठकीवर चालेलच असें नाहीं. मूळ जागा मोकळी असेल तर हा खटाटोप करूंच नये.

प्रथम बायपास व्हॉल्व्हचा विचार करावा. बंधाऱ्यास जसा सांडवा, तशी ही झडप फिल्टरास. आंतील कागद मळीनें कोंदला, किंवा थंडीच्या पहांटे तेल घट्ट असलें, म्हणजे झडप उघडते व न गाळलेलें तेल बेअरिंगांकडे जातें. मळकें तेल वाईट खरें, पण तेलच नसणें त्याहून वाईट. कोरडें बेअरिंग थोड्या वेळांत जळतें. ही झडप कांहीं इंजिनांत ब्लॉकमध्यें, कांहीं जुळण्यांत बैठकींत, तर कांहीं फिल्टरांत डब्यांतच असते. बैठकींत झडप नसेल व ब्लॉकमधील झडप अडॅप्टरखालीं निरुपयोगी होत असेल, तर झडप असलेलाच फिल्टर घ्यावा. कोठेंच झडप नाहीं अशी जुळणी कधींही करूं नये.

दुसरी गोष्ट आट्यांची. पाऊण इंची, इंचास १६ आटे असलेला फिल्टर आणि २० मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा फिल्टर हे दिसण्यांत जवळजवळ सारखे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळें २० मिलिमीटरचा डबा पाऊण इंची खुंटावर चढल्यासारखा वाटतो, पण घट्ट धरत नाहीं. तेलाचा दाब चढला कीं तो निसटण्याचें भय असतें, आणि मग सर्व तेल जमिनीवर! म्हणून आटे मोजून घ्यावे. रबरी कडेचा व्यासही बैठकीच्या गुळगुळीत पृष्ठभागाशीं जुळला पाहिजे. जुनी रबरी कडी बैठकीस चिकटून राहिली नाहीं ना, हेंही पाहावें.

तिसरी गोष्ट परतीचें तेल अडविणाऱ्या रबरी पडद्याची. इंजिन बंद झाल्यावर डब्यांतील तेल मागें ओघळूं नये म्हणून हा पडदा असतो. डबा आडवा किंवा उलटा बसवावयाचा असेल तर पडदा असलेलाच घ्यावा. शक्य तर बैठक अशी लावावी कीं डब्याचें तोंड वर राहील. म्हणजे तेल आपोआप डब्यांत टिकतें.

येथेंच पाईपांची दिशा सांभाळावी. तेल डब्याच्या कडेच्या बारीक छिद्रांतून आंत शिरतें व मधल्या मोठ्या छिद्रांतून बाहेर पडतें. पाईपांची अदलाबदल झाली तर तोच पडदा वाट बंद करतो.

गाळण फार बारीक असली म्हणजे उत्तम, हा समज बरोबर नाहीं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. सर्व तेल ज्यांतून वाहतें त्या फिल्टरास प्रवाहही पुरेसा द्यावा लागतो. फार बारीक कागद लवकर कोंदतो. इंजिनाच्या पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचाच कागद ठेवावा. जागा मोकळी असल्यास डबा थोडा मोठा घ्यावा. त्यांत मळ अधिक मावतो.

होज पाईप तेल व उष्णता सोसणारे, निदान अर्धा इंच आंतील व्यासाचे आणि शक्य तितके आंखूड असावेत. फवारणीचे किंवा ठिबकाचे पाईप येथें मुळींच वापरूं नयेत. पाईप सायलेन्सरपासून दूर ठेवावे व पट्टीवर घांसूं देऊं नयेत. दाबमापक फिल्टराच्या पुढें, बेअरिंगांकडील बाजूस लावावा. अलीकडे लावलेला मापक फिल्टर कोंदला असतांही चांगला दाब दाखवील.

पहिल्या वेळीं डबा व पाईप तेलानें भरून घ्यावे. डिझेल बंद ठेवून इंजिन फिरवावें व दाब दिसल्यावरच सुरू करावें. नंतर इंजिन थांबवून तेलपट्टी पाहावी. पाईपांत मुरलेलें तेल भरून काढावें लागतें. फिल्टर बदलल्याची तारीख व चाललेले तास वहींत टिपून ठेवावे. उसाच्या ऐन पाळीला इंजिन बंद पडलें तर होणारें नुकसान एका डब्याच्या किंमतीहून किती पट असतें, हें वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.