वणव्यांची खोडातील नोंदवही

जंगलात लागणारी प्रत्येक आग तातडीने विझवली की जंगल सुरक्षित राहते, असा समज रूढ आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वतराजीत उभ्या असलेल्या महाकाय सेक्वोया वृक्षांनी या समजाला छेद दिला आहे. यांतील काही वृक्षांचे आयुष्य तीन हजार वर्षांहून अधिक असून, त्यांच्या खोडात वणव्यांचा इतिहास वर्षवार नोंदला गेला आहे.

या वृक्षांच्या खोडात दरवर्षी एक वलय तयार होते. हंगामाच्या प्रारंभीचे लाकूड फिकट, तर अखेरचे गडद असते. वणव्याची धग एका बाजूने लागली की तेथील सालीखालचा जिवंत थर मरतो. झाड मात्र तग धरते. पुढील काळात जखमेच्या कडांकडून नवे लाकूड वाढत जाऊन ती झाकू लागते. व्रण ज्या वलयात सापडतो, ते आगीचे वर्ष. वलयातील त्याच्या स्थानावरून ऋतूचाही अंदाज बांधता येतो.

केवळ वलये मोजून भागत नाही. अवर्षणाच्या वर्षी वलय अरुंद राहते. रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम अनेक झाडांत ताडून पाहिला की अचूक वर्ष निश्चित होते. ही पद्धत खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी विकसित केली. त्यांनीच १९३७ मध्ये अॅरिझोना विद्यापीठात वृक्षवलय संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तेथील टॉमस स्वेटनम यांनी सेक्वोयांचे मृत ओंडके व बुंधे यांचे काप तपासून १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे इ. स. १००० ते १३०० या उबदार काळात लहान वणवे वारंवार लागत. थंड काळात ते कमी वेळा लागत, पण दूरवर पसरत, असे त्यांना आढळले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र हे व्रण जवळपास नाहीसे होतात. मूळ रहिवासी विस्थापित झाल्याने झाडोरा मुद्दाम जाळण्याची त्यांची प्रथा खंडित झाली, मेंढ्यांनी आग पसरवणारे गवत फस्त केले आणि विसाव्या शतकात आगी विझवण्याचे सरकारी धोरण आले. परिणामी जंगलात वाळलेले लाकूड व दाट झाडोरा साचत गेला.

त्याची किंमत २०२० मध्ये मोजावी लागली. त्या वर्षीच्या ‘कॅसल’ वणव्यात जगातील मोठ्या सेक्वोयांपैकी अंदाजे १० ते १४ टक्के वृक्ष नष्ट झाले. त्यास तीव्र दुष्काळ व वाढते तापमान यांचीही जोड होती. पुढील वर्षीच्या वणव्यांत आणखी ३ ते ५ टक्के वृक्ष गेले.

सेक्वोयाची फळे आगीच्या उष्णतेने उघडतात आणि पालापाचोळा जळून उघड्या पडलेल्या मातीत त्यांचे बी रुजते. त्यामुळे सौम्य आग या वृक्षांना मारक नसून आवश्यकच आहे. सेक्वोया व किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यानांत १९६० च्या दशकापासून नियंत्रित आगी लावल्या जात आहेत. किती वर्षांच्या अंतराने आग लावावी, याचा आधार जुन्या खोडांतील व्रणांतूनच मिळतो.