अर्धवट विकला जाणारा माल

बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरकडे विहिरीवरची मोटार जळते ती बहुधा व्होल्टेज पडल्यावर. एखादी फेज गेली किंवा दाब खाली आला, तरी पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं. मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. मग ती दुचाकीच्या मागे बांधून रिवायंडिंगच्या दुकानात नेतात. उघडली की आत काळा कोळसा आणि करपट वास. तांबं मात्र शाबूत असतं. ते वितळायला १,०८५ अंश लागतात. जळालेली असते तारेवरची आणि वेढ्यांमधली निरोधक राळ.

या राळेचं मराठी मुलखातलं जुनं घर पिंपरीत आहे. हॅम्बुर्गच्या डॉ. बेक अँड कंपनीची भारतीय शाखा १९५६ साली स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मायला अजून सहा वर्षं होती. पुढे मालकी आणि पाटी बऱ्याचदा बदलली. आज ती एलान्टास बेक इंडिया आहे, जर्मनीतल्या अल्टाना समूहाची कंपनी, पिंपरी आणि अंकलेश्वर इथे कारखाने. तारेवर चढवायचं इनॅमल, विंडिंगला पाजायचं वार्निश, साच्यात ओतायचं इपॉक्सी, असा तिचा माल. ‘डोबेकॉट’ हे तिच्या ओतीव राळेचं नाव भारतातल्या प्रयोगशाळांच्या निबंधांतही भेटतं. घरोघरी माहीत असलेलं नाव मात्र अरालडाइटचं, आणि तेही याच कुळातलं.

हे कूळ तसं फार जुनं नाही. विजेच्या पहिल्या काळात निरोधक म्हणून लाख वापरत, आणि लाख म्हणजे आपल्याकडच्या पळस-कुसुमच्या झाडांवरच्या किड्याची राळ. लाखेला पर्याय शोधताना लिओ बेकलँडने १९०७ साली न्यूयॉर्कजवळ फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकलाइट केलं. ते टणक होतं, पण घट्ट होताना आत पाणी सुटायचं, म्हणून साचा दाबाखाली धरावा लागे. इपॉक्सीने ही अडचण दूर केली. स्विस रसायनज्ञ पिएर कास्तां दातांच्या कवळीसाठी पदार्थ शोधत होते. त्यांच्या १९३८ च्या पेटंटवरून बाझेलच्या सिबा कंपनीने १९४६ मध्ये अरालडाइट बाजारात आणलं. राळ आणि हार्डनर एकत्र झाले की बाहेर काही न टाकता ते एकमेकांत गुंफतात. आक्रसणं कमी, धातूला पकड घट्ट. एका मिलिमीटर हवेत साधारण तीन हजार व्होल्टना ठिणगी पडते. घट्ट झालेलं चांगलं इपॉक्सी त्याच्या पाच-सहा पट दाब सोसतं.

मात्र दाब सोसतं ते आत बुडबुडा नसेल तर. बुडबुड्यातली हवा आधी हरते, तिथे बारीक ठिणग्या पडत राहतात आणि वर्षानुवर्षं राळ पोखरतात. म्हणून सबस्टेशनच्या ११ हजार व्होल्टच्या पॅनेलमधले सीटी-पीटी, म्हणजे करंट आणि व्होल्टेज मोजणीचे ते तपकिरी जड ठोकळे, निर्वात साच्यात ओततात. राळेत क्वार्ट्झची पूड घालतात. त्याने आक्रसणं आणखी घटतं, उष्णता लवकर बाहेर पडते. उघड्यावर ठेवायच्या नगांना वेगळी राळ लागते, कारण बेंझीनच्या कड्या असलेलं नेहमीचं इपॉक्सी उन्हाने खडूसारखं भुसभुशीत होतं. राहत्या आणि व्यापारी इमारतींच्या आत तेलाऐवजी कोरडे ट्रान्सफॉर्मरच बसवावेत, असं केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत होतं, आणि अशा बऱ्याच ट्रान्सफॉर्मरांची गुंडाळी याच राळेत ओतलेली असते.

आता खरी गोष्ट. राळेचा कारखाना जे पिंपात भरून पाठवतो, तो पुरा माल नसतो. भाकरी भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही, तशी ही राळ एकदाच घट्ट होते, आणि ते घट्ट होणं घडतं गिऱ्हाइकाच्या भट्टीत. रासायनिक अभिक्रियेचा शेवटचा टप्पा पिंपरीच्या तज्ज्ञाच्या नव्हे, तालुक्याच्या वाइंडरच्या हाती. लेबलवर तापमान आणि तास लिहिलेले असतात. मोठ्या कारखान्यात विंडिंग निर्वात टाकीत बुडवून, दाब देऊन, ठरलेल्या वेळी भाजतात. दुकानात ती ब्रशने रंगवून बल्बाखाली किंवा उन्हात वाळवली जाते, कारण शेतकऱ्याचा ऊस वाळत असतो आणि तो उंबऱ्यात उभा असतो. अर्धकच्ची राळ वरून चकचकीत दिसते. एफ वर्गाची म्हणजे १५५ अंश सोसणारी म्हणून विकलेली राळ कमी भाजली तर तो वर्ग कागदावरच राहतो. आठ-दहा अंश जास्त तापल्यास निरोधकाचं आयुष्य निम्मं होतं, हा माँटसिंगर या अमेरिकी अभियंत्याने १९३० साली मांडलेला ठोकताळा इथे निष्ठुरपणे लागू पडतो. (बोअरमधल्या पाणी भरलेल्या सबमर्सिबलला भाजणीचा हा प्रश्न नाही, तिच्या तारेला प्लास्टिकचं वेष्टण असतं, वार्निश नसतंच.)

वाइंडरला दोष देणं मला पटत नाही. ज्याच्या मजुरीत भट्टीच्या विजेचे पैसे धरलेले नाहीत, त्याच्याकडून सहा तासांची भाजणी कशी मागायची? शिवाय हातमोजे न घालता कच्चं इपॉक्सी हाताळणाऱ्याला कधी कधी कायमची त्वचेची ॲलर्जी जडते. तीही त्यालाच भोगावी लागते.

आणखी एक पेच आहे. राळ जितकी नीट भाजलेली, तितकी जुनी गुंडाळी काढणं अवघड. वितळत नाही म्हटल्यावर ती जाळावी लागते. चांगल्या दुकानांत तापमान धरून भट्टीत जाळतात, इतरत्र उघड्या आगीवर. मोटारीच्या गाभ्यातल्या लोखंडी पत्र्यांमधलं पातळ निरोधक त्या आगीत करपलं की पत्रे एकमेकांशी जुळतात, त्यांत भोवरी प्रवाह फिरू लागतात आणि मोटार बिनभारही गरम चालते. नवं वार्निश मग पहिल्याच दिवसापासून जास्त तापमानात काम करतं.