घरे बांधणारा बंदिवान

'घर पाहावे बांधून' असे आपले जुने लोक सांगत आले. एकच घर बांधताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो. मग ज्याने हजारो घरे बांधली, तीही झपाट्याने आणि चक्क दगडाची, त्या माणसाला काय म्हणावे? फ्रान्समध्ये असा एक गृहस्थ होऊन गेला. आधी लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, मग सरकारने त्याला तुरुंगात टाकले, आणि उतारवयात त्याच सरकारने त्याच्या छातीवर मानाचे पदक लावले! त्याचे नाव फेर्नां पुयों.

हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर नसेल. फ्रेंच वास्तुशिल्पज्ञ म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते चंडीगढ रचणारे ल कॉर्बूझिए. पण पुयों हे त्यांच्याच काळातले, आणि काही वर्षे तर दोघांची कामे एकाच शहरात चालली होती. ते शहर मार्सेलिस. सावरकरांच्या उडीमुळे मराठी माणसाला ते पोरवयापासून ठाऊक असते.

पुयों यांचा जन्म १४ मे १९१२ चा, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या कांकों गावचा. शिक्षण मार्सेलिसला आणि पॅरिसला झाले. पण स्वारीला दम कुठला! बाविसाव्या वर्षीच त्यांनी एक्स या गावी इमारतीचे काम अंगावर घेतले. पदवी हाती पडली ती १९४२ साली. म्हणजे आधी घर आणि मग परवाना! हा उतावळेपणा त्यांना जन्मभर पुरला. त्यानेच त्यांना वर चढवले आणि त्यानेच खाली ओढले.

दोनशे दिवसांत दोनशे घरे

१९४३ च्या आरंभी जर्मनांनी मार्सेलिसच्या जुन्या बंदराजवळची वस्ती रिकामी करवली. वीस हजारांहून अधिक माणसे घराबाहेर काढली, आणि सुमारे दीड हजार इमारती सुरुंग लावून उडवून दिल्या. युद्ध संपले तेव्हा शहराच्या ऐन तोंडावर ढिगारे पडले होते. हा भाग पुन्हा उभारण्याचे काम ऑग्युस्त पेरे या वयोवृद्ध वास्तुशिल्पज्ञांच्या देखरेखीखाली पुयों यांच्याकडे आले.

त्या वेळी सगळ्या युरोपवर काँक्रीटची मोहिनी पडली होती. त्याच मार्सेलिसात १९४७ ते १९५२ या काळात ल कॉर्बूझिए ३३७ बिऱ्हाडांची आपली ती प्रसिद्ध काँक्रीटची इमारत उभारत होते. पुयों यांनी मात्र दगड धरला. मित्रांनी म्हटले असेल, "अहो, दगड म्हणजे राजवाड्याचे काम, भाडेकरूंच्या घराला कुठला परवडायचा?"

पुयों यांची करामत इथेच होती. दगड महाग पडतो तो घडणावळीमुळे. तेव्हा त्यांनी खाणीतच यंत्राच्या करवतीने ठरीव मापाचे चिरे कापून घेतले. कामावर आले, की एकावर एक रचायचे. छिन्नी नको, वर गिलावा नको, रंगही नको. दुसरी युक्ती याहून नामी. काँक्रीट ओतायचे तर आधी लाकडी फळ्यांचा साचा लागतो, आणि तो मागाहून काढून टाकावा लागतो. पुयों यांनी फळीच्या जागी पातळ दगडी लादी उभी केली आणि तिच्यामागे काँक्रीट ओतले. साचा काढायचे कारणच उरले नाही, कारण तीच लादी भिंतीचा दर्शनी भाग झाली.

या रीतीने १९५० नंतर लवकरच त्यांनी एक्स येथे दोनशे दिवसांत दोनशे घरे पुरी करून दाखवली. ठरल्या दिवशी घर ताब्यात मिळणे म्हणजे काय, हे ब्लॉकसाठी पैसे भरून वाट पाहत बसलेल्या आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको!

समुद्रापलीकडे

ही कीर्ती भूमध्य समुद्र ओलांडून अल्जियर्सला गेली. अल्जीरिया त्या वेळी फ्रेंचांच्या ताब्यात होता. १९५३ साली झाक शेव्हालिए महापौर झाले. झोपडपट्ट्यांनी वेढलेल्या आपल्या शहरात घरे बांधण्यासाठी त्यांनी पुयों यांना बोलावले. फ्रान्समधल्या खाणीतले चिरे जहाजांत भरभरून निघाले, आणि वर्षाच्या आत 'दियार एस सआदा', म्हणजे सुखाची घरे, ही वसाहत उभी राहिली. मागोमाग 'दियार एल महसूल' आली. तिसरी, 'क्लिमा द फ्रांस', सर्वांत मोठी. तिच्या मधोमध २३३ मीटर लांब आणि ३८ मीटर रुंद चौक, आणि सभोवार दोनशे दगडी खांब. गरिबाच्या दारी राजवाड्याचा चौक!

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खांब भव्य होते, त्यांच्यामागची घरे मात्र फार लहान होती. 'दियार एल महसूल'मध्ये तर युरोपियनांची घरे ऐसपैस आणि अल्जीरियनांची साधी, अशी सरळसरळ वाटणी होती. १९५४ च्या नोव्हेंबरात स्वातंत्र्ययुद्ध पेटले. राज्यकर्त्यांचा अन्याय दगडी खांबांनी थोडाच झाकतो!

कोठडीत

पुढचा मुक्काम पॅरिस. शहराच्या सीमेवर पुयों यांनी एकट्या 'प्वँ द्यु झूर' या वसाहतीत दोन हजारांहून अधिक घरांचे काम हाती घेतले. इथेच त्यांचा पाय घसरला. फ्रान्सच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे वास्तुशिल्पज्ञाला बांधकामाचा व्यापार करता येत नसे. कारण उघड आहे: वास्तुशिल्पज्ञ हा घरमालकाचा राखणदार, त्याने कंत्राटदारावर नजर ठेवायची. तोच धंद्यात भागीदार झाला, तर नजर कोण ठेवणार? पण मध्यस्थांमुळे घरे महागतात आणि रखडतात, असा पुयों यांचा अनुभव. म्हणून घरे बांधून विकणाऱ्या कंपनीत त्यांनी दुसऱ्यांच्या नावावर हिस्सा घेतला. कंपनीचे हिशेब कोलमडले, आगाऊ पैसे भरलेल्या कुटुंबांच्या पोटात गोळा उठला, आणि मार्च १९६१ मध्ये पुयों यांना अटक झाली.

पुढचा भाग एखाद्या रहस्यकथेत शोभावा असा. प्रकृती ढासळल्याने त्यांना कैदी म्हणूनच एका रुग्णालयात ठेवले होते. सप्टेंबर १९६२ मध्ये एका रात्री स्वारी तिथून पसार! कित्येक महिने पोलीस शोधत राहिले. १९६३ मध्ये खटला सुरू झाला, तेव्हा हा फरारी आपल्या पायांनी न्यायालयात हजर झाला. चार वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती तीनवर आली.

तुरुंगात हाताला दगड नव्हता, तेव्हा त्यांनी कागद घेतला. बाराव्या शतकात एक मठ बांधणाऱ्या संन्यासी वास्तुकाराची रोजनिशी, अशा रूपाची कादंबरी त्यांनी लिहिली. १९६४ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि दुसऱ्याच वर्षी तिला पारितोषिकही मिळाले. त्याच १९६४ साली त्यांची सुटका झाली.

पण मायदेशात काम कोण देणार? त्यांना हाक दिली ती स्वतंत्र झालेल्या अल्जीरियाने! फ्रेंच अमदानीत ज्याने तिथे घरे बांधली, त्यालाच नव्या राज्याने समुद्रकाठची आणि वाळवंटातली पथिकाश्रमे बांधायला दिली. १९६६ पासून पुढे अठराएक वर्षे ते तिथेच राबले. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांनी त्यांना माफी दिली, आणि मितराँ यांच्या कारकिर्दीत 'लेजियाँ द'ऑनर' हा सन्मानही मिळाला. २४ जुलै १९८६ रोजी बेलकास्तेल येथे, पडक्या अवस्थेतून स्वतः सावरलेल्या जुन्या गढीत, त्यांनी डोळे मिटले.

पुयों यांचा गुन्हा खोटा नव्हता. नियम चांगल्या हेतूने केलेला होता आणि त्यांनी तो जाणूनबुजून मोडला. पण त्या खटल्याचे कागद आज कोण उघडून पाहतो? मार्सेलिसच्या बंदरावर मात्र त्यांच्या दगडी इमारती उभ्या आहेत. अल्जियर्सच्या त्या चौकाभोवती दाटी इतकी, की गच्चीवरही बिऱ्हाडे झाली. तरी खांबांच्या सावलीत पोरे चेंडू खेळतात. घर बांधणाऱ्याचा खरा हिशेब शेवटी त्या घरात राहणारी माणसेच मांडतात.